सात ग्रॅम विमान, दीड ग्रॅम रबर : खानदेशातल्या एका शालेय स्पर्धेचे नियम कसे ठरले

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या गटाने सातवी ते नववीच्या मुलांसाठी रबरावर उडणाऱ्या विमानांची स्पर्धा भरवली. हातभर लांबीची ही विमानं बंद हॉलमध्ये उडवायची. पिळलेलं रबर सुटत जातं, प्रोपेलर फिरतो आणि विमान गोल गोल घिरट्या घेत वर चढतं. नियम एकच होता : ज्याचं विमान जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. शाळा भरपूर आल्या, मुलं खूश होती, पण संध्याकाळी बक्षीस समारंभ लांबणीवर टाकावा लागला, इतक्या तक्रारी आल्या. पुढच्या वर्षासाठी नियम नव्याने लिहायचे ठरले तेव्हा या छंदात बरीच वर्षं रमलेला म्हणून मला बोलावणं आलं. ते नियम कसे ठरले, कशावरून वाद झाला आणि चाचणीत काय सुटून गेलं, हे इथे सविस्तर मांडतो. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात अशी स्पर्धा भरवायची असेल तर याचा उपयोग व्हावा.

तक्रारी काय होत्या

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पैशाची होती. एका संघाने बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाचा तयार संच ऑनलाइन मागवला होता. ते विमान दीड मिनिटाच्या आसपास उडालं. बाकीच्या बहुतेकांनी थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरून विमानं बनवली होती. ती दहा आकडे मोजून होईपर्यंत खाली येत होती. महिनाभर खपलेल्या मुलांना दुपारपर्यंत कळून चुकलं होतं की आपली गोष्ट इथे संपली.

बाकीच्या तक्रारी छोट्या, पण प्रत्येकीत भांडणाला पुरेसा दारूगोळा होता. एक विमान छताच्या पंख्याच्या दांडीला अडकलं आणि घड्याळ चालूच राहिलं. एका मुलाने स्टेजवर उभं राहून विमान सोडलं. एकाने गलोलीचं जाड रबर लावलं, ते पिळताना विमानाची दांडी मोडली आणि तुटलेलं रबर त्याच्या गालावर बसलं. डोळा थोडक्यात वाचला. आणि एक वडील दिवसभर स्वतःच विमानाची शेपटी वाकवत, पंख सरकवत होते. मुलगा शेजारी उभा राहून पाणी पीत होता.

मी आधी ती विमानं मागवली. शाळांच्या कपाटांवर धूळ खात पडली होती, बरीचशी मिळाली. गावातल्या एका सराफ शेठना विनंती केली. जळगाव जिल्ह्यात ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. दुकान उघडायच्या आधी त्यांनी काट्यावर काचेचं झाकण लावून एकेक विमान तोलून दिलं. रबर काढून ठेवल्यावर संचातलं विमान चार ग्रॅमच्या आतबाहेर भरलं. मुलांनी घरी केलेली आठ ते बारा ग्रॅमच्या दरम्यान होती. शिक्षकांना वाटत होतं की बाल्साच्या विमानाचा "आकारच शास्त्रीय" आहे. पण आकारात फारसा फरक नव्हता. फरक काट्यावर होता.

वजन का एवढं महत्त्वाचं

विमान एका उंचीवर टिकून राहायला जी शक्ती लागते ती एकूण वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते, पंखाचं क्षेत्रफळ तेवढंच असेल तर. म्हणजे वजन दुप्पट झालं की शक्ती दुप्पट लागत नाही, जवळपास पावणेतीन पट लागते. चार ग्रॅमच्या विमानात दीड ग्रॅम रबर टाकलं तर एकूण साडेपाच ग्रॅम. अकरा ग्रॅमच्या विमानात तेच रबर टाकलं तर साडेबारा. वजनाचं गुणोत्तर सव्वादोनच्या थोडं वर, आणि शक्तीचं जवळजवळ साडेतीन. रबरात साठलेली ऊर्जा दोघांकडे सारखीच, त्यामुळे जड विमान फार तर एक तृतीयांश वेळ उडणार. बाकी तोटा प्रोपेलरचा आणि नीट न जुळवलेल्या पंखांचा.

हे गणित मी शिक्षकांसमोर फळ्यावर मांडलं तेव्हा एका मॅडमनी विचारलं, "म्हणजे मुलांनी काहीही केलं असतं तरी हरलीच असती?" त्या दिवसाच्या नियमाखाली, हो. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हाच प्रश्न मोलाचा होता, कारण त्यानंतर नियमांचा हेतू आपोआप स्पष्ट झाला. जे पैशाने मिळतं ते सगळ्यांना सारखं करून टाकायचं. जे चिकाटीने मिळतं ते मोकळं सोडायचं. विमान नीट वळतं का, चढताना नाक वर करून थबकतं का, रबर संपल्यावर अलगद उतरतं का, हे सगळं हाताने, पुन्हा पुन्हा उडवून शिकायचं असतं. हे कुठल्याही संचाच्या डब्यात भरून येत नाही.

यात नवं काही नाही. 1871 साली आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्युलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं होतं. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेलं. त्याचं यश शेपटीच्या कोनात होतं : विमान स्वतःचा तोल स्वतः सावरत होतं. आज जागतिक पातळीवर अशा हॉलमधल्या विमानांचा एफ-वन-डी नावाचा जो वर्ग आहे त्यात पंखांची लांबी 55 सेंटिमीटरपर्यंत, सांगाडा, म्हणजे रबर सोडून बाकी विमान, किमान 1.4 ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त 0.4 ग्रॅम असतं. एवढ्याशा रबरावर ती विमानं वीस मिनिटांच्या वर उडतात. रोमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखालच्या स्थिर हवेत, या वर्गाच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. पण लक्षात घेण्यासारखं हे की जगातले सगळ्यात निष्णात लोकही दोन आकड्यांनी बांधलेले आहेत : सांगाड्याचं किमान वजन आणि रबराचं कमाल वजन. आम्हालाही तेच दोन आकडे ठरवायचे होते. बाकीचे नियम त्यांच्यामागून येतात.

पहिला आकडा : सांगाडा

एका शिक्षकांनी वाचलं होतं की अमेरिकेत पेनी प्लेन नावाचा वर्ग आहे, ज्यात विमान तिथल्या एका पेनीच्या नाण्याइतकं तरी जड असावं लागतं. त्यांनी सुचवलं, आपण रुपयाचं नाणं घेऊ, मुलांना लगेच कळेल. कल्पना मलाही आवडली. शेठच्या काट्यावर गल्ल्यातले रुपये टाकून पाहिले. 1992 नंतरचा मोठा रुपया 4.85 ग्रॅम, 2011 नंतरचा लहान रुपया 3.79 ग्रॅम, आणि 2019 पासूनचा त्याहूनही लहान. कुठला रुपया धरायचा? अमेरिकेतही हेच झालं आहे. 1982 मध्ये पेनीचा धातू बदलला, नाणं अडीच ग्रॅमवर आलं, पण विमानांचा वर्ग जुन्या 3.1 ग्रॅमवरच राहिला. तेव्हा नाण्याचा नाद सोडला आणि सरळ ग्रॅम लिहायचे ठरवले.

मग किती ग्रॅम? तीन ग्रॅम ठेवले तर पुन्हा बाल्सा लागणार. बारा ठेवले तर मुलं काहीही जाडजूड बांधतील आणि विमान उडायचं नाव घेणार नाही. आम्ही सात ग्रॅम धरले, रबर सोडून. कारण साधं होतं. घरच्या विमानांत सगळ्यात हलकं आठच्या जवळ होतं आणि ते करणाऱ्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं की वजन कमी करायचं आहे. तिने कामट्या तासून दोन मिलिमीटरवर आणल्या असत्या, डिंकाचे थेंब कमी केले असते, तर ती सातवर सहज आली असती. म्हणजे सात हा आकडा इथल्या सामानातून गाठता येतो, पण गाठायला मेहनत लागते. आणि संचातलं चार ग्रॅमचं विमान आणलं तर त्याला तीन ग्रॅम मेणमाती चिकटवावी लागणार. पैशाचा फायदा तिथे संपला.

याला एक गंभीर आक्षेप आला. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवून निवृत्त झालेले एक सर बैठकीला होते. ते म्हणाले, "हलकं बांधणं हीच तर या विद्येतली खरी कला. तुम्ही तिलाच कुलूप लावताय." त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं. ज्या मुलाला ही गोडी लागली त्याच्यासाठी सात ग्रॅम ही बेडी आहे. पण पहिलंच विमान करणाऱ्या मुलाला आधी ते उडताना दिसायला हवं. सातला पोचायला त्याला जेवढं हलकं बांधावं लागतं तेवढं त्या वयाला पुष्कळ झालं. सरांनी मान्य केलं, पण लेखी अट घातली की दोन वर्षांनंतर तीन ग्रॅमचा खुला गट सुरू करायचा. ती अट नियमावलीच्या तळाशी आहे.

दुसरा आकडा : रबर

रबर म्हणजे इंधन. त्यावर मर्यादा नसेल तर काय होतं? सांगाडा तसाच ठेवून रबर वाढवत गेलं तर उड्डाणाचा वेळ वाढत जातो. गणिताने तो सगळ्यात जास्त होतो तो रबर सांगाड्याच्या दुप्पट जड झालं तेव्हा. म्हणजे सात ग्रॅमच्या विमानात चौदा ग्रॅम रबर. तेवढ्या रबराचा ताण सोसणारी दांडी मुलं बनवू शकत नाहीत, आणि बनवली तरी असं विमान हॉलमध्ये भिंतीवर आपटत फिरणार. म्हणून दीड ग्रॅम ही मर्यादा घातली, गाठीसकट.

पण वजन सारखं असूनही रबर सारखं नसतं. कचेरीतल्या रबरबँडांची साखळी करून आणणारी मुलं होती, कुणी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या होत्या. साखळीच्या गाठी एकमेकींवर चढतात, पीळ एका बाजूला गोळा होतो आणि विमान मध्येच धक्के खातं. तेव्हा ठरलं की रबर आयोजक देणार. एकाच रिळातली सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी, प्रत्येक संघाला सरावासाठी महिनाभर आधी आणि स्पर्धेच्या सकाळी नवे तीन तुकडे. दीड ग्रॅमचा तुकडा जवळपास अर्धा मीटर भरतो. गाठ मारून दुहेरी केला की वितीपेक्षा किंचित मोठा वेढा होतो. त्याला लावायला ग्लिसरीन आणि साबणाचं मिश्रण टेबलावर ठेवायचं. खनिज तेल लावू नये, नैसर्गिक रबर त्याने फुगून खराब होतं. एका शाळेने शिवणयंत्राचं तेल लावून सगळं रबर चिकट करून घेतलं होतं, म्हणून ही ओळ नियमांतच घातली.

पीळ देण्याच्या यंत्राबद्दलही चर्चा झाली. बोटाने प्रोपेलर फिरवून पीळ दिला तर शे-दोनशेनंतर मूल कंटाळतं, आणि रबर ताणून घेता येत नाही. दोघांनी मिळून रबर तीन-चार पट ताणायचं, एकाने हँड ड्रिल फिरवत पीळ द्यायचा आणि पीळ भरत आला की हळूहळू पुढे सरकत यायचं, असं केलं तर तेच रबर कितीतरी जास्त पीळ सोसतं. गावातल्या सुतारकाम करणाऱ्या आप्पांनी दोन जुने हँड ड्रिल दिले. मुलांकडून चाकांचे दात मोजून घेतले आणि मुठीच्या एका फेऱ्याला टोकाचे किती फेरे होतात ते ड्रिलवर रंगाने लिहून ठेवलं. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने हे वापरायचं. पीळ देताना दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवाच, साधा प्लास्टिकचा चालेल. चष्मा नाही तर पीळ नाही. या एका नियमाला सूट नाही, आणि तो सगळ्यात वर ठळक छापला.

प्रोपेलरचा व्यास 15 सेंटिमीटरपर्यंत. बाजारातला प्लास्टिकचा घ्या किंवा चहाच्या प्लास्टिक कपाच्या भिंतीतून पाती तिरकी कापून स्वतः बनवा. कपाची वक्रता पात्याला आपसूक पीळ देते, हे मुलांना करताना फार आवडतं.

हॉल आणि घड्याळ

जागेवर मात्र मतभेद झाले. एका जिनिंगचं गोदाम पावसाळ्यात रिकामं असतं, नवी कपाशी यायला दसरा-दिवाळी उजाडते. छत उंच, आत पंखे नाहीत. बऱ्याच जणांना तेच हवं होतं. मी विरोधात होतो. उंच छताखाली ज्याने जास्तीत जास्त पीळ भरला तो जिंकतो. कमी उंचीच्या छताखाली पीळ भरून मग थोडा उलटा सोडावा लागतो, नाहीतर सुरुवातीच्या जोरात विमान सरळ छतावर आदळतं. किती सोडायचा हे समजायला मुलाला आपलं विमान ओळखावं लागतं. शिवाय गोदामाच्या कैच्यांवर कापसाचे झुपके लोंबत असतात आणि पत्रा तापला की आत हवा वर चढू लागते. त्या हवेत विमान तरंगलं तर श्रेय कुणाचं?

शेवटी मंगल कार्यालय ठरलं, छत पाचेक मीटर. उन्हाळ्यात पंखे बंद करून मुलांना आत कोंडणं जळगावच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत शक्यच नाही, आणि तेव्हा लग्नसराईही असते. पितृपंधरवड्यात हॉल हमखास रिकामा मिळतो. एक-दोन पालकांनी त्या दिवसांबद्दल कुरकुर केली. मुख्याध्यापकांनी त्यांना शांतपणे सांगितलं की परीक्षेचा सराव आपण या दिवसांत थांबवत नाही, हाही सरावच आहे. वेळ सकाळी सात ते अकरा, पंखे बंद, खिडक्या लावलेल्या, दाराला पडदा.

वेळ मोजायचा नियम आम्ही असा लिहिला : "विमान हातातून सुटल्यापासून ते जमिनीला किंवा जमिनीवरच्या वस्तूला टेकेपर्यंतचा वेळ. सोडताना दोन्ही पाय फरशीवर. विमान छताला, पंख्याला किंवा भिंतीला अडकलं तर घड्याळ दहा सेकंद चालू ठेवायचं. तेवढ्यात सुटलं तर उड्डाण चालू. न सुटल्यास घड्याळ थांबवून दहा सेकंद वजा." दोन घड्याळं, दोन्ही दुसऱ्या शाळांच्या मुलांच्या हातात, दोघांची सरासरी. दोन विमानं हवेत धडकली तर दोन्ही संघांना पुन्हा उडवण्याचा हक्क.

पाच उड्डाणं करायची, त्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोनांची बेरीज धरायची. नुसतं सर्वोत्तम उड्डाण धरलं तर एखादा योगायोग जिंकून जातो. पाचांची बेरीज केली तर एका अपघाताने मूल बाद होतं. दोन चांगली उड्डाणं ज्याला जमली त्याचं विमान खरोखर बसलेलं आहे.

नोंदवहीवर बैठक तासभर अडली. काहींना तिला गुण द्यायचे होते. मला ते नको होतं, कारण गुण आले की सुंदर अक्षरात खोट्या नोंदी येतात. त्याऐवजी नियम असा केला की मागच्या उड्डाणाची नोंद टेबलावर दाखवल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. किती पीळ, किती सेकंद, काय बदललं, एवढेच तीन रकाने.

आणि मोठी माणसं दोरीपलीकडे. नोंदणीच्या टेबलावर विमान दिलं की त्यानंतर त्याला फक्त संघातली दोन मुलं हात लावतील. मोडलं तर तीच दुरुस्त करतील. घरी वडिलांनी मदत केली का हे तपासण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. हॉलमध्ये विमान स्वतःहून कधीच सरळ उडत नाही, आणि तिथे दोरीपलीकडून शेपटी वाकवता येत नाही.

चाचणीचा दिवस

मुख्य स्पर्धेआधी मोजक्या शाळांना बोलावून एक चाचणी घेतली. नियमांचं पान एकच होतं आणि ते प्रत्येक मुलाच्या हातात होतं.

नंदुरबारकडच्या एका आश्रमशाळेतून आलेली एक मुलगी तिथे मला कायमची लक्षात राहिली. तिचं विमान काट्यावर 7.2 भरलं. पंखाच्या कामट्या इतक्या एकसारख्या तासलेल्या की बोटाला कुठे उंचवटा लागत नव्हता, वर जांभळा पतंगाचा कागद. पहिल्या उड्डाणात विमान डावीकडे वळत वळत आत कोसळलं. हे नेहमीचं आहे. प्रोपेलर एका दिशेला फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते आणि सुरुवातीला रबराचा जोर सगळ्यात जास्त असतो. तिने वहीत लिहिलं : पीळ 300, सेकंद 9, डावा पंख पडतो. मग वहीचा कोपरा फाडून त्याची घडी केली आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेखाली, आधाराच्या काडीपाशी सरकवली. पुढची कड जेमतेम दोन मिलिमीटर उचलली गेली. त्याने डाव्या पंखाचा कोन वाढतो, उचल वाढते आणि आतला पंख पडत नाही. दुसऱ्या उड्डाणात विमान डावीकडेच वळलं, पण सपाट, हॉलच्या मधोमध मोठं वर्तुळ धरून. तिसऱ्याला तिने पीळ वाढवला, छताला टेकलं. चौथ्याला भरलेला पीळ थोडा उलटा सोडला. विमान छताच्या हातभर खाली येऊन थांबलं आणि तिथेच फिरत राहिलं. दोरीपलीकडून एक चिमुरडा ओरडला, "इमान आजून वरच से!" ती मात्र वर बघत नव्हती, घड्याळवाल्या मुलाच्या अंगठ्याकडे बघत होती.

संच मागवणाऱ्या शाळेनेही भाग घेतला होता. त्यांच्या विमानाला मेणमाती लावून सात ग्रॅम केलं. ते चांगलंच उडालं, पण पहिलं आलं नाही. गेल्या वर्षी पहिल्या आणि बाकीच्यांच्या मधे जी दरी होती ती दिसली नाही. अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाणारी विमानं बरीच होती आणि पहिले काही संघ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट ही की शेवटच्या फेरीपर्यंत एकही संघ सामान आवरून घरी निघाला नाही. मागच्या वर्षी जेवणाच्या सुट्टीनंतर हॉल अर्धा रिकामा झाला होता.

आणि मग नियमातली फट निघाली. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी 45 सेंटिमीटर, एवढंच आम्ही लिहिलं होतं. भुसावळकडच्या एका संघाने दोन मजली पंखांचं विमान आणलं, वर एक पंख आणि खाली एक. लांबी नियमात, वजन नियमात, पण क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. क्षेत्रफळ दुप्पट झालं की लागणारी शक्ती साधारण तीस टक्क्यांनी कमी होते, म्हणजे वेळ वाढतो. दोन पंख एकमेकांच्या हवेत अडथळा आणतात, म्हणून पूर्ण फायदा मिळत नाही, पण मिळतो. दुसऱ्या एका शाळेच्या शिक्षकांनी लगेच हरकत घेतली आणि विमान बाद करायला सांगितलं.

मी ठाम नाही म्हणालो. त्या दोन मुलांनी नियम नीट वाचला, गणित समजून घेतलं आणि नियमात बसणारं चांगलं विमान बांधलं. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलला तर मुलं एकच गोष्ट शिकतील की विचार केला की शिक्षा होते. विमान उडालं, दुसऱ्या क्रमांकावर आलं आणि त्या मुलांना सगळ्यांसमोर विचारलं की हे कसं सुचलं. एकाने फळ्यावर येऊन आकृती काढली. हरकत घेणाऱ्या शिक्षकांनीच मग त्याला दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न.

पण मुख्य स्पर्धेसाठी नियम बदलायचा का? इथे आमच्यात एकमत झालं नाही. एअर विंगचे सर म्हणाले, राहू द्या, यातूनच नवं निघतं. मॅडम म्हणाल्या, एकदा दोन मजली चाललं की सगळ्यांना दोन मजलीच करावं लागेल आणि पहिल्यांदा बांधणाऱ्या मुलाला ते सरळ जोडताच येत नाही. मी मॅडमच्या बाजूने मत दिलं. नवशिक्यांच्या स्पर्धेत जिंकणारा आराखडा हा पहिल्या प्रयत्नात बांधता येण्यासारखा असला पाहिजे. म्हणून एकच पंख, रुंदी जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर, हे वाक्य जोडलं. पण ते स्पर्धेच्या सहा आठवडे आधी सगळ्या शाळांना लेखी कळवायचं, त्यानंतर एक अक्षरही बदलायचं नाही, असंही ठरलं. दोन मजली विमानांसाठी बक्षिसाविना एक प्रदर्शन फेरी ठेवली.

आणखी दोन किरकोळ दुरुस्त्या झाल्या. मेणमाती कुठे लावायची हे लिहिलं नव्हतं, म्हणून एका संघाने ती पंखाच्या टोकाला लावून वळण सुधारून घेतलं. ते तसंच राहू दिलं. वजन पूर्ण करायची माती कुठेही लावा, तोही एक धडाच आहे. आणि समान बेरीज झाली तर तिसरं सर्वोत्तम उड्डाण बघायचं, ही ओळ जोडली.

एक प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. रबराचं रीळ बाहेरून मागवावं लागतं आणि ते यायला वेळ लागतो. पुढच्या वर्षी चार तालुके एकत्र येणार आहेत, तेव्हा रीळ गणपतीच्या बऱ्याच आधी हातात हवं. उन्हात आणि उजेडात रबर लवकर कडक पडतं, म्हणून ते काळ्या पिशवीत, हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवायची जबाबदारी एका शाळेच्या प्रयोगशाळेने घेतली आहे. खुल्या गटाचे तीन ग्रॅम, त्यासाठी रबर किती आणि छत कुठलं, हे ठरवायला एअर विंगच्या सरांनी दिवाळीनंतरची बैठक मागितली आहे.